छातीवरचा टाका

त्या दिवसांत कारखान्यात टाचणीचं नाव काढायचीसुद्धा चोरी होती. सूनबाईनं सगळ्या टाचण्या, सेफ्टी पिना, भिंतीवरच्या कॅलेंडरची पिनसुद्धा एका डब्यात भरून तो डबा कपाटावर टाकला होता. कापडाला कापड जोडून धरायचं तर कपडे वाळत घालायचे चिमटे वापरायचे. टाचणी काढून घेतली तरी तिचं भोक मागं राहतं आणि त्या कापडाला भोक चालत नव्हतं.

कारखाना म्हणायचा तो आपला मोठेपणानं. घराच्या तळमजल्यावरची एक लांबट खोली, शिलाईची तीन मशीनं, ती चालवणाऱ्या तीन बायका आणि कापायचं एक टेबल. सासरे होते तेव्हापासून इथं शाळेचे गणवेश शिवले जायचे. साथ आली, शाळांना कुलपं लागली, तेव्हा इस्पितळातून विचारणा झाली की डॉक्टर-नर्सचे गाऊन शिवून द्याल का. सूनबाई 'हो' म्हणून बसली आणि कापड हातात आल्यावर तिनं कपाळाला हात लावला. पांढरं, निसरडं, आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेलं कापड. सुई जिथं जिथं जाईल तिथं भोक, म्हणून शिवण झाली की तिच्यावर आतून एक पट्टी ठेवायची आणि गरम मशीननं ती चिकटवायची. मग पाणी जात नाही, थुंकी जात नाही, रक्त जात नाही. पट्टीचं काम सूनबाईनं कुणावर सोपवलं नाही. दिवसभर त्या गरम मशीनपुढं उभं राहून तिच्या बोटांची टोकं निबर झाली होती, चहाचा कप गरम आहे की गार ते हाताला कळेनासं झालं होतं.

घरात ती सूनबाई, कारखान्यात वहिनी आणि इस्पितळाच्या स्टोअरवाल्याला 'गाऊनवाल्या मॅडम'. नावं तीन, पाठ एकच, आणि ती रोज दुखायची.

एवढं जीव तोडून राबण्याचं कारण त्याच इस्पितळात होतं. तिचा नवरा तिथं वॉर्डबॉय होता. पंचेचाळिशी आली, कानशिलं पांढरी झाली, तरी हुद्द्यानं बॉयच. साथ सुरू झाल्यावर कर्मचाऱ्यांना घरी जायची बंदी झाली. इस्पितळाच्या मागच्या वसतिगृहात त्यांची सोय केली गेली, तेव्हापासून घरात नवरा म्हणून होता तो फोनवरचा आवाज. इथून जाणारे गाऊनच त्याच्या वॉर्डात जात होते. म्हणजे ती पट्टी चिकटवायची ती नवऱ्याच्या अंगावरच. एक जागा सुटली तर काय होईल, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

भीतीनं ती पोखरून गेली होती. हात इतके धुवायची की बोटांच्या बेचक्यांत कातडी निघाली होती. फोनवर नवरा खाकरला तरी तिचा जीव खालीवर व्हायचा. कटिंग करणारा कारागीर सतत बोलायचा म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणत. तो बिचारा करमणूक म्हणून गावभरच्या बातम्या सांगायचा, कोण आजारी पडलं, कोण सुटलं, आणि सूनबाई खेकसायची, "रेडिओ, स्टेशन बदला नाहीतर बंद करा!"

आणि या सगळ्यात सासूबाई शांत. ही शांतताच सूनबाईला सहन व्हायची नाही.

सासूबाईंचं काम खिडकीशी, शेवटच्या टेबलावर. तयार गाऊनचे लोंबणारे दोरे कापायचे, घडी घालायची, पिशवीत भरायचं. काम करताना ओठ हलत असायचे, कारण त्या देवाचं नाव घेत असत. संध्याकाळी कारखाना बंद व्हायच्या सुमाराला त्याच खिडकीशी चटई टाकून त्या प्रार्थनेला बसत. बाहेर देवाच्या दारांनासुद्धा कुलपं होती, पण सासूबाईंच्या नेमाला कुलूप लावणारा अजून जन्मायचा होता. जेवण वेळेवर, झोप वेळेवर. गल्लीतल्या बायका खिडकीखालून विचारायच्या, "कशा आहात?" तर म्हणायच्या, "मजेत. तो आहे ना बघायला."

एकदा सूनबाईला राहवलं नाही. "आई, तुम्हाला भीती म्हणून वाटतच नाही का हो?"

"भीती वाटून पोरगं घरी येणार आहे का?"

"म्हणजे वाटत नाही."

"तू पट्ट्या बघ गं तुझ्या," असं म्हणून त्यांनी पुढचा गाऊन ओढला. सूनबाई मनात चडफडली. देवाच्या भरवशावर निवांत राहायला यांचं काय जातं, राबून मरायला मी आहेच, असं तिला वाटलं. आणि वाटलं ते तिच्या तोंडावर दिसतही होतं.

माल पाठवायच्या आधी पाण्याची परीक्षा व्हायची. एक गाऊन घ्यायचा, शिवणीचा भाग बादलीवर ताणून धरायचा, त्यात मग्गाभर पाणी ओतायचं आणि खाली बादलीत कोरडा कागद ठेवायचा. थोड्या वेळानं कागद बघायचा, कोरडा असला की माल पास. परीक्षा नेहमी शिवणीचीच. मधल्या सलग कापडाला काय बघायचंय? तिथं सुई जातच नाही.

त्या दुपारी सूनबाईचे डोळे अक्षरशः मिटत होते. आदल्या दिवशी नवऱ्याचा फोन आला नव्हता. "काम असेल, येईल उद्या," असं सासूबाई म्हणाल्या होत्या आणि कूस बदलून झोपल्याही होत्या. सूनबाईनं मात्र रात्र जागून काढली. त्या गुंगीत तिनं गाऊन बादलीवर ताणला तो उलटसुलट, खांद्याच्या शिवणीऐवजी छातीचा भाग मधोमध आला. पाणी ओतलं. आपण चुकीचा भाग धरलाय हे लक्षात आलं, पण परत पाणी उपसायचा कंटाळा, म्हणून तसाच राहू दिला.

कागद बघितला तर त्यावर एक ओला ठिपका होता.

वरून उडालं असेल म्हणून तिनं कागद बदलला. परत ठिपका. तिनं कापड पुसलं, खिडकीशी नेलं, डोळ्यांजवळ धरलं. डाव्या बाजूला, आतून, बरोबर काळजावर, पांढऱ्या दोऱ्याचा एक इवलासा टाका. आणि टाक्याच्या टोकाला गाठीवर गाठ. असली दुहेरी गाठ या घरात एकच माणूस मारायचं. नवऱ्याच्या प्रत्येक शर्टाच्या प्रत्येक बटणामागं तीच गाठ होती.

तिनं पिशवीतला दुसरा गाऊन उलगडला. टाका. तिसऱ्यात टाका. मग तिनं सगळा गठ्ठाच जमिनीवर ओतला.

"आई, हे काय आहे?"

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. लपवालपवी त्यांना जमायची नाही. "टाका आहे."

"तो दिसतोय मला. सुई कुठून आली?"

"चष्म्याच्या घरात असते माझ्या." मग जरा थांबून, समजूत घातल्यासारखं, "नाव घेऊन घातलाय गं. आतल्या बाजूनं आहे, बाहेरून दिसत नाही."

"सगळ्यांत घातलाय?"

"मग? त्याच्या वाट्याला कुठला येणार ते मला काय ठाऊक! आणि बाकीची काय वाऱ्यावर टाकायची? तीही कुणाची तरी पोरंच आहेत."

सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या दिवसांचं जागरण, सोललेली बोटं, न आलेला फोन, सगळं एकदम तोंडातून बाहेर पडलं. "आई, भोकं पाडलीत तुम्ही! मी इथं एकेक भोक बुजवत उभी आहे आणि तुम्ही मागं बसून भोकं पाडताय, तीही छातीवर! देव नाही हो जात त्यातून आत, आजार जातो. तुमचा मुलगा हेच अंगावर घालून उभा आहे तिथं. त्याला काही झालं ना, तर ते तुमच्या या सुईनं होईल, लक्षात ठेवा!"

तिन्ही मशीनं थांबली. रेडिओसुद्धा बंद झाला. सासूबाईंनी टेबलावरचा गाऊन उलटा केला, आपलाच टाका शोधला आणि त्यावरून अंगठा फिरवत राहिल्या.

सूनबाई फोन घेऊन बाहेर पायरीवर आली. आधी स्टोअरवाला. लाज वाटत होती, पण लाजेपायी गप्प बसायची ही वेळ नव्हती. सगळं ऐकून तो दमलेल्या आवाजात म्हणाला, "मॅडम, माल परत घेता म्हणताय, मग माणसं आत काय घालून जातील, शर्ट? तुम्ही पट्ट्या कापून द्या. इथं इस्त्री आहे, आम्ही चिकटवून घेतो. आणि त्या आजींना म्हणावं, आता पुरे." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. रागावलासुद्धा नाही. रागवायलाही अंगात काहीतरी लागतं.

मग तिनं नवऱ्याला लावला. वाजून वाजून बंद झाला. ती तिथंच बसली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. समोरच्या बंद दुकानाच्या फळीवर एक कुत्रं झोपलं होतं, आणि सूनबाईला त्याचा हेवा वाटला. थोड्या वेळानं फोन वाजला.

"अहो, होता कुठं तुम्ही?" म्हणत तिनं आधी सगळं टाक्याचं सांगून टाकलं. तिकडून हसू आलं, आणि हसण्यामागून खोकला.

"म्हणजे ती गाठ आईची होय! मी म्हणतोय, ही कुठंतरी पाहिलीय. आमच्या एक नर्सबाई म्हणायच्या, कंपनीची खूण असेल."

"हसताय काय! तुम्ही खोकताय."

त्यानं खोकला आवरला. मग म्हणाला, "ऐक. मीच फोन करणार होतो. मला वॉर्डात हलवलंय, कामाला नाही, खाटेवर. ताप आहे. तपासणीत निघालंय." ती काही बोलायच्या आत त्यानं घाईनं पुढं सांगितलं, "टाक्यानं नाही हां. आम्ही पाच जण एका खोलीत जेवायला बसतो. जेवताना मास्क काढावाच लागतो. पाचातले तिघं आडवे झालोत. डॉक्टरही हेच म्हणाले, जेवणाच्या खोलीतच लागण झाली. आईला काही सांगू नकोस."

सूनबाई पायरीवरून उठून उभी राहिली. "मी त्यांना बोलून बसलेय."

"काय?"

"तुम्हाला काही झालं तर त्यांच्या सुईनं होईल, असं."

बराच वेळ नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि तो सरळ येत नव्हता. "मग आता सांगावंच लागेल," तो शेवटी म्हणाला. "उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ती तेच धरून बसेल. तूच सांग, नीट सांग. ठेवतो, बोललं की दम लागतो."

ती आत आली. सासूबाई टाके उसवत होत्या. दोरे कापायची छोटी कात्री घेऊन, एकेक गाठ तोडून दोरा ओढून काढत होत्या. उसवलेल्यांचा एक ढीग शेजारी झालासुद्धा होता.

"उसवून काय उपयोग, आई? भोक राहतंच," सूनबाई म्हणाली. घटकाभरापूर्वी हे ती ओरडून म्हणाली असती. आता ती स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली आणि काही लपवून न ठेवता सगळं सांगितलं. ताप, खाट, जेवणाची खोली, आणि डॉक्टर काय म्हणाले तेही.

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी कात्री खाली ठेवली. "माझ्या सुईनं."

"नाही हो, आई. जेवताना झालंय. त्यांनी स्वतः सांगितलं."

"तो आईला दुसरं काय सांगेल?"

"डॉक्टर म्हणाले. पाच जण जेवायला एकत्र होते, त्यातले तिघं पडलेत. अहो, हा आजार नाकातोंडातून जातो, छातीतून नाही."

"तूच म्हणालीस, माझ्या सुईनं होईल."

"रागानं म्हणाले मी!"

"हो, रागानं. पण मनात नसलेलं थोडंच येतं रागात." हे त्या इतक्या साधेपणानं म्हणाल्या की सूनबाईला स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटली. इतकी वर्षं दोघी एका घरात भांडल्या होत्या, मिठावरून, पंख्यावरून, कपाटाच्या किल्लीवरून. बोललेलं दुसऱ्या दिवशी विरून जायचं. हे विरणार नव्हतं.

काम तर थांबवता येत नव्हतं. तिनं पट्टीचे बोटभर तुकडे कापले, इस्पितळासाठी वेगळे काढले आणि उरलेल्या गठ्ठ्यावर स्वतः चिकटवायला लागली. रेडिओ न सांगता पिशव्या भरायला बसला आणि दुपारभर एक अक्षर बोलला नाही. त्याच्या गप्प बसण्याची तिला जास्तच भीती वाटली. सासूबाई एकेक गाऊन उलटा करून, टाक्याची जागा वर येईल असा तिच्यापुढं ठेवत होत्या. ओठ मिटलेले. नाव घेणं थांबलं होतं.

माल घेऊन गाडी गेली. मशीनवरच्या बायका गेल्या, रेडिओ गेला. खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर आलं. रोज या वेळेला चटई पसरल्याचा आवाज यायचा. आज आला नाही. सूनबाई मशीन पुसत राहिली, पुसून झालेलं परत पुसत राहिली.

"आई, वेळ झाली ना?"

"आज नाही."

"का?"

"कोणत्या तोंडानं बसू त्याच्यापुढं?"

तेव्हा सूनबाईला खरी भीती वाटली. नवऱ्याच्या तापाचं ऐकून वाटली नव्हती एवढी. या बाईच्या शांतपणावर ती इतके दिवस दात खात होती, आणि त्याच शांतपणाच्या आधारावर रोज सकाळी उठून मशीनपुढं उभी राहत होती. घरातलं एक माणूस तरी घाबरलेलं नाही, म्हणून चाललं होतं. आज तेच माणूस हातपाय गाळून बसलं होतं आणि ते तिनंच केलं होतं. समजावून सांगून हे दुरुस्त होण्यासारखं नव्हतं, डॉक्टरचं नाव घेऊनही नाही. दुपारपासून तिनं सगळं करून पाहिलं होतं.

ती कोपऱ्यात गेली, चटई उचलली आणि खिडकीशी पसरली. पसरताना वाकडी झाली ती पायानं सरळ केली, आणि मग चटईला पाय लावला म्हणून ओशाळली. "मग मी बसते," ती म्हणाली. "काय म्हणायचं असतं ते सांगा."

"तुझा कुठं विश्वास आहे?"

"नाही. तरी सांगा."

सासूबाई तिच्याकडं बघत राहिल्या. एरवी एवढ्या थट्टेवर त्यांनी तिला धारेवर धरलं असतं. पण सूनबाई थट्टा करत नव्हती, ते त्यांना दिसत होतं.

"मोठं काही नसतं त्यात," त्या शेवटी म्हणाल्या. "बाकीच्यांचं मला माहीत नाही. मी आपली एवढंच म्हणायचे, मला भीती वाटते, तू जवळ राहा."

"रोज?"

"रोज. आणि दर टाक्याला. त्याच्या वॉर्डातले ते म्हातारे कंपाउंडर गेल्याचं त्यानं फोनवर सांगितलं ना, तेव्हापासून. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या. सकाळी पहिला टाका घातला, तेव्हा हाताची थरथर थांबली."

"आणि मला वाटायचं, तुम्हाला भीतीच वाटत नाही."

"तसं तुला वाटलं नसतं, तर तू उभी राहिली असतीस का?"

इतके दिवस कूस बदलून झोपलेली बाई झोपलेली नव्हतीच, अंधारात डोळे उघडे ठेवून आपल्या सुनेची तळमळ ऐकत पडलेली होती. तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण रडायला बसली तर परत उठता येणार नाही, एवढी ती दमली होती. ती चटईवर बसली. हात जोडायचे की मांडीवर ठेवायचे ते कळेना, म्हणून तसेच राहू दिले.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. आवाज घोगरा आला. रिकाम्या खोलीत तो तिलाच परका वाटला, पण ते बोलल्यावर छातीतलं काहीतरी जरासं सैल झालं. साथ आल्यापासून हे ती आज पहिल्यांदाच कुणापाशी तरी बोलत होती.

"पुढचं म्हण," मागून आवाज आला.

"तू जवळ राहा."

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. सासूबाई गुडघे धरून, टेबलाचा आधार घेत खाली आल्या. "सरक जरा," म्हणाल्या. सूनबाई सरकली. चटई एकीपुरतीच होती, दोघींचा अर्धा अर्धा भाग फरशीवर आला. सासूबाईंनी डोळे मिटले, दोनदा तोंड उघडून परत मिटलं, आणि मग दोघी मिळून ते पहिल्यापासून म्हणू लागल्या.